घरी एस्प्रेसो करायचाय? मशीन नंतर, आधी ग्राइंडर

"एस्प्रेसो मशीन कुठलं घेऊ" असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, ग्राइंडर कुठलाय? आणि बहुतेक वेळा उत्तर येतं की मिक्सरला फिरवीन ना, नाहीतर दुकानातून दळूनच आणतो. तर मंडळी, सगळं तिथेच अडतं. मशीन काय करतं, तर ९० ते ९६ डिग्रीचं पाणी साधारण ९ बारच्या दाबाने कॉफीतून ढकलतं, बस. ते पाणी किती वेळ आत थांबणार हे ठरवतं तुमचं दळण. जाडसर असलं की पाणी दहा-बारा सेकंदात भसकन खाली येतं, कप भरतो पण आत नुसतं आंबट पाणी. मिक्सरच्या पात्याने निम्म्याचं पीठ होतं आणि निम्मे तुकडे तसेच राहतात, मग पीठ कडू उतरतं आणि तुकडे आंबट, दोन्ही एकाच कपात. लाखाचं मशीन आणलंत तरी याच्यात काडीचा फरक पडणार नाही.

म्हणून बजेट कितीही असू दे, त्यातले निम्म्याच्या आसपास पैसे ग्राइंडरला बाजूला काढा. दुकानदार हे सांगणार नाही कारण शोकेसमध्ये चमकतं ते मशीन.

ग्राइंडर बर असलेलाच हवा, म्हणजे दोन दातेरी चकत्यांमध्ये किंवा शंकूंमध्ये बी चिरडणारा, पात्याचा नाही. आणि त्यातही एस्प्रेसोला चालेल असा, कारण फिल्टर कॉफी किंवा फ्रेंच प्रेससाठी केलेले खूप ग्राइंडर बारीक दळतात पण त्यांच्या दोन क्लिकच्या, म्हणजे दळण बारीक-जाड करायच्या खाचांच्या, मध्ये उडी फार मोठी असते. एका क्लिकवर शॉट (एका वेळी निघणारी एस्प्रेसो) १५ सेकंदात पळतो आणि पुढच्या क्लिकवर मशीन चोक होतं, मधलं काही मिळतच नाही. टाइममोर सी२ हा त्यातला नेहमीचा, ग्राइंडर चांगला आहे, पोअर ओव्हरला (वरून पाणी ओतून गाळलेल्या कॉफीला) मस्त, एस्प्रेसोला नको. हँड ग्राइंडरमध्ये किंगग्राइंडर के६ ची एक क्लिक १६ मायक्रॉनची आहे, वनझीप्रेसोच्या जे-अल्ट्राची ८ मायक्रॉन, असे छोटे आकडे बघायचे. हाताने १८ ग्रॅम दळायला साधारण मिनिटभर लागतं, हलकी भाजलेली बी असेल तर जास्त आणि दंडही भरून येतो. एक-दोन कप करणाऱ्याला हँड ग्राइंडर सगळ्यात फायद्याचा कारण मोटरचे पैसे वाचतात आणि सगळे पैसे बरमध्ये जातात. सकाळी चार जणांची कॉफी असेल तर मात्र इलेक्ट्रिकच घ्या, बारात्झा एन्कोर ईएसपी, डीएफ६४, युरेका मिन्योन वगैरे, उगाच हौस म्हणून हात दुखवून घेऊ नका, महिन्याभरात ग्राइंडर कपाटात जाईल.

पिणार काय आणि किती जण

हे आधी ठरवा कारण मशीन त्याच्यावर ठरतं. घरात आईबाबा चहावाले आणि तुम्ही एकटेच काळी पिणार असाल तर वाफेच्या नळीची, म्हणजे स्टीम वाँडची गरजच नाही आणि तुमचं काम हाताच्या लिव्हर मशीनवर झकास होतं. फ्लेअर, कॅफेलॅट रोबोट, किंवा प्रवासाला न्यायचं असेल तर वकाकोचं पिकोप्रेसो. यातल्या बहुतेकांना वीज लागत नाही, गॅसवर पाणी उकळा, ओता, दाबा. लाइट गेली तरी कॉफी चालू, आणि पहाटे पंपाची घरघर ऐकून घरातलं कोणी उठत पण नाही. लोकांना वाटतं हे खेळणं आहे आणि पंपवालं मशीन खरं, पण इतिहास उलटा आहे. मिलानच्या अकिले गॅजियाने १९३८ साली आपल्या कल्पनेचं पेटंट घेतलं आणि युद्धानंतर त्याची लिव्हरची मशीन आली तेव्हा कपावर क्रेमा, म्हणजे कॉफीचा सोनेरी फेस, दिसायला लागला. मोटरच्या पंपाचं फाएमा कंपनीचं ई६१ आलं १९६१ ला. म्हणजे लिव्हर आधी, पंप नंतर. तोटा एवढाच की एका वेळी एक शॉट, प्रत्येक वेळी गरम करणं, पुसणं, पाहुणे आले की तुम्ही किचनमध्येच.

कॅपुचिनो, लाटे हेच घरात चालणार असेल तर वाफ लागणारच. इथे सिंगल बॉयलरवाली मशीन, गॅजिया क्लासिक किंवा रॅन्चिलिओ सिल्विया, बांधणीला दणकट, ५८ मिमीचं पोर्टाफिल्टर (कॉफी भरून मशीनला अडकवायचा दांडा), गॅस्केटपासून सगळे पार्ट वेगळे मिळतात आणि घरी उघडून दुरुस्त करता येतात. पण एकच बॉयलर असल्यामुळे आधी शॉट, मग स्टीमचं बटण दाबून तापमान चढायची वाट, मग दूध, मग पुढच्या शॉटसाठी गरम पाणी सोडून बॉयलर परत खाली आणायचा. दोन कपांना ठीक, सहा पाहुण्यांना नाही. ब्रेव्हिलचं बॅम्बिनो, जे युरोपात सेज नावाने मिळतं, ते थर्मोजेटवालं, म्हणजे झटपट तापणाऱ्या हीटरचं, ३ सेकंदात तयार होतं असं कंपनी सांगते आणि होतंही, फक्त पोर्टाफिल्टर थंडगारच असतं तेव्हा आधी कॉफीशिवाय एक रिकामा शॉट मारून ते गरम करून घ्या. त्याचं बास्केट, म्हणजे पोर्टाफिल्टरमधली भोकांची वाटी, ५४ मिमीचं. डेलॉन्गी डेडिका ५१ मिमीचं, बारीक, ओट्यावर जागा कमी असलेल्यांसाठी. डबल बॉयलर आणि हीट एक्स्चेंजर (शॉट आणि वाफ एकाच वेळी देणारी मशीन) हे रोज भरपूर दुधाची कॉफी करणाऱ्यांनी बघावं, बाकीच्यांनी फक्त व्हिडिओ बघावेत.

आणि स्पष्टच सांगतो, दूध-साखर घालून स्ट्राँग कॉफी एवढंच हवं असेल तर मोका पॉट (शेगडीवर ठेवायचं, वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणारं भांडं) घ्या आणि उरलेल्या पैशात चांगली बी आणा. त्याचा दाब एक-दोन बारच्या पुढे जात नाही त्यामुळे तो एस्प्रेसो नाही, पण दुधात मस्त लागतो. घेताना दोन गोष्टी बघा, ॲल्युमिनियमचा असेल तर इंडक्शनवर चालणार नाही, आणि छोटा असेल तर आपल्या शेगडीच्या बर्नरवर टेकत नाही, पडतो, त्याला वर ठेवायची छोटी जाळी वेगळी घ्यावी लागते.

बॉक्सवर "१५ बार", "२० बार" असं मोठ्ठं लिहिलेलं असतं त्याच्यावर जाऊ नका. तो पंपाचा जास्तीत जास्त दाब आहे, कॉफीला ९ च लागतात, जास्त दाबाने उलट पाणी कॉफीत भोकं पाडून निघून जातं. चांगल्या मशीनमध्ये जास्तीचा दाब सोडून द्यायला वॉल्व असतो, गॅजियावाले लोक त्याची स्प्रिंग बदलून दाब ९ वर आणतात.

स्वस्त मशीनबरोबर येणारं बास्केट पण उलटं करून बघा. खाली एकच बारीक भोक असेल तर ते प्रेशराइज्ड. त्यात कसलंही दळण टाका, वर फेस येणारच, पण तो त्या भोकाने केलेला फेस आहे. दळून आणलेली पावडर वापरायची असेल तर तेच ठेवा, काही बिघडत नाही. पण ग्राइंडर घेतलात तर खाली भरपूर भोकं असलेलं साधं बास्केट आधी मागवा, तुमच्या मशीनच्या मापाचं. नाहीतर ग्राइंडरचे पैसे पाण्यात.

वीज, प्लग आणि अमेरिकेहून आणायचा मोह

या मशीनना साधारण १००० ते १६०० वॉट लागतात. १४५० वॉट म्हणजे २३० व्होल्टला सहा अँपिअरच्या वर, त्यामुळे साध्या छोट्या सॉकेटला लावू नका, फ्रिज-गीझरला असतो तसा मोठा १६ अँपिअरचा पॉइंट लागेल. एक्स्टेंशनच्या पट्टीवर मिक्सर, टोस्टर आणि हे असं तर अजिबात नको. घरच्या इन्व्हर्टरवर पण चालवायचा प्रयत्न करू नका.

न्यू जर्सीहून मावसभाऊ येतोय, तिकडे सेलमध्ये स्वस्त आहे, हे प्रत्येकाच्या डोक्यात येतं. नको. तिकडचं मशीन १२० व्होल्टचं, इकडे लावलंत तर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावीन म्हणाल तर दीड-दोन हजार वॉटचा धोंडा ओट्यावर ठेवावा लागतो आणि वर तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०, घरगुती मशीनचा व्हायब्रेशन पंप त्या हर्ट्झवरच चालतो त्यामुळे तो इथे मंद चालतो. दुबई, लंडन, जर्मनी, ऑस्ट्रेलियाहून आणलं तर विजेचा प्रश्न नाही, फक्त प्लग बदलायचा, पण वॉरंटी इथे चालेल का ते आधी लेखी विचारून घ्या. हँड ग्राइंडर मात्र कुठूनही आणा, भावाला तेच सांगा.

बी

ताजी हवी, पण फार ताजी नको. भाजल्यावर बीमध्ये कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, दुसऱ्याच दिवशी वापरलीत तर शॉट नुसता फसफसतो. भाजल्याच्या तारखेपासून साधारण आठ-दहा दिवस थांबा, हलक्या भाजणीला अजून जास्त, आणि पाकीट फोडलं की तीन-चार आठवड्यांत संपवा. पाकिटावर भाजल्याची तारीखच नसेल, फक्त एक्सपायरी असेल, तर ते घेऊ नका. सुपरमार्केटमधली इटालियन पाकिटं बहुतेक वेळा याच कारणाने बाद होतात, नाव कितीही मोठं असू दे. आता नागपूरला कॉरिडॉर सेव्हन, मुंबईत सबको, शिवाय ब्लू टोकाय वगैरे रोस्टर भाजून घरपोच पाठवतात, चिक्कमगळूर-कोडगूच्या मळ्यांची बी असते. (आपल्याकडे चिखलदऱ्यालाही कॉफी होते, थोडीच, पण होते, मिळाली तर नक्की आणा.)

सुरुवातीला मिडियम किंवा मिडियम-डार्क घ्या. हलकी भाजलेली बी कॅफेत छान लागते पण घरी बसवायला त्रास देते, बारीक दळावं लागतं, जास्त तापमान लागतं, नाहीतर लिंबू पिळल्यासारखा आंबट शॉट. मॉन्सून्ड मलबार हा नवीन माणसासाठी फारच सोयीचा प्रकार, मलबार किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात मुरवलेली बी, आंबटपणा जवळपास गेलेला, अंग जाड, दुधात उत्तम. रोबस्टा या कॉफीच्या जातीला पण नाक मुरडू नका. थोडी चांगली वॉश्ड (मळ्यावरच फळाचा गर धुऊन काढलेली) रोबस्टा मिसळली तर क्रेमा घट्ट येतो, इटलीवाले आपली रोबस्टा उगाच नाही नेत.

चिकोरीवाली फिल्टर कॉफी पावडर, माटुंग्याहून आणलेली कितीही आवडती असू दे, मशीनमध्ये घालू नका. चिकोरी पाण्यात चिकट होते आणि बास्केट बुजवते. तिला आपलं स्टीलचं फिल्टरच बरं.

आणि जून ते सप्टेंबर, विशेषतः मुंबई-कोकणात, बी ग्राइंडरच्या वरच्या भांड्यात भरून ठेवायची नाही. हवेतली ओल ओढते आणि कालच्या सेटिंगवर आज वेगळाच शॉट येतो, तुम्ही ग्राइंडरला शिव्या देत बसता. एका वेळेपुरती वजन करून टाका, बाकी हवाबंद डब्यात. जास्त आणली असेल तर छोट्या पुड्या करून हवा काढून फ्रीझरमध्ये, एक पुडी काढली की ती परत आत ठेवायची नाही.

आता प्रत्यक्ष करायचं कसं

वजनकाटा लागणारच, ०.१ ग्रॅम दाखवणारा. छोटा खिशातला काटा चालतो, फक्त कपाखाली, ट्रेवर मावला पाहिजे, मशीन आणि कप यांच्यात जागा किती ते मोजून घ्या. चमच्याने अंदाज करणार असाल तर पुढचं वाचू नका.

बॉयलरवालं मशीन असेल तर १५-२० मिनिटं आधी चालू करा, पोर्टाफिल्टर अडकवूनच. दिवा लागला म्हणजे पाणी तापलं, मशीनचा धातू नाही. १८ ग्रॅम बी मोजा (बास्केट १८ चं असेल तर, १४ चं असेल तर १४, बास्केटमध्ये कोंबायचं नाही), दळायच्या आधी बोटाने पाण्याचा एखादा थेंब बीवर शिंपडून हलवा, दळताना उडत नाही आणि चिकटत नाही. दळण किती बारीक? मैद्यासारखं नाही, बारीक रव्यासारखंही नाही, त्याच्या मध्ये. बास्केटमध्ये पडलं की बारीक सुयांच्या काडीने तळापासून ढवळून गुठळ्या फोडा, हे काम फालतू वाटतं पण ग्राइंडरनंतर सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. बुचात चार-पाच बारीक सुया खोचून घरीच काडी करा, विकतची लागत नाही. मग टॅम्परने, म्हणजे कॉफी दाबायच्या दट्ट्याने, सपाट दाबा. किती जोरात यावर लोक भांडतात, माझ्या मते सपाट महत्त्वाचं, जोर नाही, दाबून कॉफी अजून खाली जाईना की झालं. तिरकं दाबलं तर पाणी पातळ बाजूने पळतं. मशीनबरोबर आलेला प्लास्टिकचा टॅम्पर फेकून द्या, बास्केटच्या मापाचा जड घ्या.

ग्रुपमधून (पोर्टाफिल्टर जिथे अडकतं तो मशीनचा भाग) थोडं पाणी सोडा, पोर्टाफिल्टर अडकवा, लगेच सुरू करा, घड्याळ पण. लक्ष्य, १८ ग्रॅम आत, ३६ ग्रॅम बाहेर, २५ ते ३० सेकंदात. हा काही वेद नाही, सुरुवात करायची जागा आहे.

आता समजा ३६ ग्रॅम १४ सेकंदात आले. चव बघा, आंबट, पातळ, जिभेच्या बाजूला झोंबतंय. ग्राइंडर दोन-तीन क्लिक बारीक. पुढचा २२ ला आला, बरा आहे, अजून एक क्लिक. २८ ला आला, गोडसर लागला, थांबा, सेटिंग डब्यावर लिहून ठेवा. जर ४५ सेकंद लागले आणि घशात कोरडं कडू राहिलं तर उलटं, जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि ती नेहमी आधी दळण. लोक काय करतात, शॉट आंबट आला की दळण पण बदलतात, कॉफी पण दोन ग्रॅम वाढवतात, तापमान पण, आणि मग कशाने सुधारलं ते कळतच नाही. वजन आत-बाहेर पक्कं ठेवा, दळण फिरवत राहा. दळण बसल्यावरही कडवट वाटलं तर ३६ च्या ऐवजी ३२ वर बंद करा, आंबट वाटलं तर ४०-४५ पर्यंत जाऊ द्या. डार्कला थोडं कमी तापमान, लाइटला जास्त, मशीनमध्ये सोय असेल तर. सेकंद बरोबर आले आणि चव घाण आहे तर चवीचं ऐका, घड्याळाचं नाही.

आंबट आणि कडू दोन्ही एकदम येत असेल तर बहुतेक चॅनलिंग, पाण्याने कुठेतरी वाट काढलीय. पोर्टाफिल्टरची खालची तोटी काढलेली असेल तर दिसतंच, इकडून तिकडून पिचकाऱ्या उडतात, ओटा रंगतो. त्याचं औषध दळण नाही, सुईने ढवळणं आणि सपाट दाबणं.

दूध

पिशवीचं पाश्चराइज्ड दूध उकळायचं नाही, फ्रिजमधून काढून थेट वाफवायचं. उकळून गार केलेल्या दुधाची साय नळीत अडकते आणि फेसात गोळे येतात. गाईचं ३.५ टक्केवालं किंवा टोन्ड ३ टक्केवालं शिकायला सोपं, फेस पटकन सुटतो. म्हशीचं किंवा फुल क्रीम ६ टक्के फॅटचं, चवीला जबरदस्त जाड, पण फेस जरा हट्टी, आणि कॉफीची चव दाबून टाकतं, डार्क बी असेल तरच वापरा. जगमध्ये तोटीच्या खालपर्यंतच भरा, नळीतलं साठलेलं पाणी आधी बाहेर उडवा, टोक दुधाच्या जेमतेम आत, सुरुवातीचे काही सेकंद फर्र फर्र आवाज, जग कोमट लागला की टोक जरा आत घालून दूध भोवऱ्यासारखं फिरवत ठेवा. हात लावून धरवेनासं झालं की बंद, ते साधारण ६० ते ६५ डिग्री. त्याच्या पुढे गेलं की उकळलेल्या दुधाचा वास. नळी लगेच ओल्या फडक्याने पुसा आणि परत वाफ सोडा, दोन मिनिटांनी करीन म्हणालात की दूध वाळून चिकटलंच.

पाणी आणि साफसफाई

मशीन मरतं ते बहुतेक पाण्याने. बोअरचं, टँकरचं जड पाणी घातलंत तर बॉयलरमध्ये क्षार बसतात, बादलीला आणि गीझरला बसतात तेच. धरणाचं नळाचं पाणी त्या मानाने मऊ असतं, ते फिल्टर करून चालतं. आरओचं पाणी? क्षार बसत नाहीत खरे, पण टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) अगदी दहा-वीसवर आणलेलं असेल तर कॉफी मचूळ लागते, आणि काही मशीनच्या बॉयलरमधला सेन्सर इतक्या कोऱ्या पाण्याला ओळखतच नाही. टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयाला मिळतो, १०० ते १५० च्या आसपास आणायचं, आरओ आणि नळाचं पाणी मिसळून बघा. क्षार काढायला लिंबूसत्त्व चालतं बऱ्याच मशीनना, पण बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर आधी मॅन्युअल वाचा.

शॉट झाला की चोथा लगेच काढा, पावसाळ्यात दोन दिवस तसाच राहिला तर बुरशी. (कुंडीत घालताना थर देऊ नका, मातीत मिसळा.) रोज ग्रुप पुसायचा, त्याच्या जाळीच्या मागे तेलकट थर बसतो तोच नंतर खवट वास देतो. आंधळं, म्हणजे भोकं नसलेलं, बास्केट लावून उलटं धुणं, म्हणजे बॅकफ्लश, फक्त मशीनला सोलेनॉइड वॉल्व असेल तरच करा, शॉट संपल्यावर वरचं पाणी फस्सकन ट्रेमध्ये सुटत असेल तर तो आहे असं समजा.

सेकंड हँड मशीन मिळत असेल तर जरूर बघा, हौस फिटलेले लोक वर्षभरात विकायला काढतात आणि गॅजियासारखी मशीन पंधरा-वीस वर्षं सहज जातात. फक्त आधीच चालू करून ठेवलेलं मशीन बघू नका, तुमच्यासमोर थंड असताना चालू करायला लावा, तापेपर्यंत थांबा, वाफ सोडून बघा, खाली पाणी गळतंय का बघा. मग ग्रुपची जाळी स्क्रू काढून उघडायला सांगा. आत पांढरे पापुद्रे दिसले तर बॉयलर उघडून साफ करायचा खर्च धरून भाव पाडा, आणि मालक जाळी उघडायलाच नको म्हणाला तर चहा पिऊन परत या.